जाळरेषा

माघ सरताना आम्ही जंगल पेटवतो.
नोंदवहीत तसं लिहीत नाहीत. तिथं लिहायचं :
जाळरेषा, बारा मीटर रुंद, कक्ष एकशे सेहेचाळीस,
मजूर सात, दुपारी चारनंतर.

लंगडा आंब्याच्या वर, धारेवर
गवत कमरेएवढं, कुसळं मोज्यांतून आत.
खुमान पावरा मूठभर माती वर उडवतो
आणि ती कुठं पडते ते बघत राहतो,
सुटे पैसे मोजून घ्यावेत तसा.
नको, म्हणतो. अजून नको.
आम्ही बसतो. ठुमलीबाई तंबाखू मळते.
वारा वळतो ते आधी कळतं
सालईच्या सुटलेल्या पापुद्र्याला.

आग वाऱ्याच्या तोंडावर लावायची.
पाठीवर लावली तर पळते.
तोंडावर लावली की चालते,
एकेक काडी तपासत, दाणे निवडल्यासारखी.
दोन्ही कडांना आम्ही, हातात जांभळीच्या ओल्या डहाळ्या;
तिनं बाहेर पाय टाकला
की थोपटून परत आत.

अमळनेरला आई चुलीतला इस्तो राखेखाली झाकून ठेवायची.
निजी गया का, विचारायची मला.
वनरक्षकाची ऑर्डर आली तेव्हा म्हणाली,
पगार विझवायचा, आणि लावणार पण तूच?

त्या वर्षी रेषेच्या मधोमध
अंजनाचं एक रोप होतं. वीतभर.
जोडपानं, हरणाच्या खुरासारखी.
जळू दे, खुमान म्हणाला.
आठ वर्षं जळतंय ते.
वर वीतभर आहे, खाली माझ्याहून उंच.
मी ऐकलं नाही.
खाटेएवढी जागा सोडली, गवतासकट,
भोवती खराटा मारला
आणि त्या रात्री छान झोपले.

चैत्रात सुकीच्या खोऱ्यातून आग आली.
मोहाखालचा पाला कुणी पेटवला, की विडी,
शेवटपर्यंत कळलं नाही.
दीड कोस रेषेनं तिला धरून ठेवलं.
काळ्या पट्ट्याशी यायची, हुंगायची, बसायची.
मग खाटेएवढ्या गवतानं
तिला पाय ठेवायला जागा दिली.

चार दिवस. सात हेक्टर. माझ्या भुवया.
एक घोरपड, जी मी पंचनाम्यात लिहिली नाही.
साहेबांनी विचारलं, रेषा तुटली कुठं?
खुमान म्हणाला, वारा होता.
एवढंच. माझ्याकडं बघितलंही नाही.

रोप पुन्हा आलंय. दोन पानं.
मी त्याच्याकडं फार बघत नाही.

आज परत धारेवर सात माणसं,
ठुमलीबाईच्या जागी तिची सून,
एक नवा ब्लोअर, जो सुरू होत नाही.
खुमाननं माती उचलली
आणि माझ्या हातात दिली.
मी उडवली. पडली पायाशीच, जराशी डावीकडं.
काय म्हणते, त्यानं विचारलं.
काडेपेटी माझ्या खिशात होती.
सगळे बसायला जागा शोधू लागले होते
माझं तोंड उघडायच्या आधीच.

नको, मी म्हणाले.
अजून नको.