पेव

पिवळं जाळं, ओटच्या दाण्यांवर पसरलेलं.
स्लाइम मोल्ड. बुरशी म्हटलं की
कुरणे मॅडम चिडतात.
चार दिवस उपाशी ठेवलं,
मग केंद्रकांवर विकर सोडलं:
डीएनए जिथं सैल, तिथंच ते कापतं.
गच्च गुंडाळलेलं वाचतं
आणि मुकं राहतं.

हरिपुरात तात्या पेवं उघडायचे.
दोन पुरुष खोल हळद,
वर्षानुवर्षं अंधारात, कीड न लागता.
तोंड मोकळं करून दिवसभर थांबायचे,
मग दोरीला कंदील.
विझला, तर आज नाही.

जेलवर कालपर्यंत शाबूत असलेली पट्टी
आज पुसट.
म्हणजे भुकेनं पेव फुटलं.

कंदील जळतोय, तात्या.
आत कोण उतरलंय
ते मात्र इथून दिसत नाही.