पाच सूत

आठ जणांनी बांबू घालून
हेरल्डचं वरचं सगळं उचललं
आणि शेडमध्ये उरली नुसती फ्रेम,
तेलकट, कुठं कुठं गंजाचे पापुद्रे धरलेली.
पासष्ट सालची. वडील म्हणायचे,
तुझ्यापेक्षा मोठी आहे, जपून बोल तिच्याशी.

रुबाब तडवींचे गुडघे गेलेत.
स्टुलावर बसून ते एकेका भोकातून ओळंबा सोडतात,
नातू खाली फरशीवर खडूनं फुली मारतो.
मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याला सुतळी.
मग तीच सुतळी दुसऱ्या तिरक्या रेघेवर.
"पाच सूत कमी.
तिरपी चालू राहिली होती ताई ही, कितीक वर्षांपासून.
कोणं ठोकली?"

मी फैजपूरकडं चाललेल्या केळीच्या ट्रॅक्टरकडं बघत राहिले.

हिंगोण्याचं वळण. मैलाचा दगड. माझं एकोणिसावं.
घरी सांगितलं, बैल आडवा आला.
वडिलांनी बंपर बदलला.
बैलाचा रंग विचारला नाही.

साखळीचं एक टोक फ्रेमला,
दुसरं जमिनीत गाडलेल्या रुळाच्या तुकड्याला;
भुसावळहून आणलाय, कसा ते विचारायचं नाही.
गॅसची निळी जीभ.
लोखंड आधी जांभळं, मग पिकल्या बोरासारखं.
"बस. याच्यापुढं नेलं तर ताकद जाते त्याची."
नातू जॅकचा दांडा दाबतो,
सगळं शेड दात खातं.

सुतळी जुळली. मी म्हटलं, झालं.
"कुठं झालं? आजून दोन सूत पलीकडं.
सरळावर सोडलं का मागं येतं.
लोखंडाले बी सवय लागेल राहते."

चहा होईपर्यंत तसंच ठेवलं, उलट बाजूला वाकडं.
साखळी सैल केली तेव्हा
ते हळूच कण्हलं
आणि आपल्या जागी येऊन थांबलं.

आता गाडी सुतासारखी सरळ जाते.
मीच तिला सारखी डावीकडं ओढते,
यावल रस्त्यावर मागचा ट्रकवाला हॉर्न देतो.
वडील असेच चालवायचे,
स्टिअरिंग जरासं डावीकडं दाबून,
डावा खांदा खाली टाकून,
सव्वीस वर्षं.
मला वाटायचं, बसायची ढब.

भिंतीवरच्या फोटोतही
खांदा तसाच, थोडा खाली.
किती, ते सुतळी लावून
मी पाहिलं नाही.