न सांगता आलेली दाढ

शाळेतून चिठ्ठी आली. दोन दिवस दप्तरातच होती,
डब्याच्या तेलानं आरपार दिसायला लागलेली.
'खालची डावी दाढ किडलेली. पालकांनी लक्ष द्यावे.'
सुगतचे पप्पा दाराशी खर्रा घोटत बसले होते.
वर न बघता म्हणाले,
'दुधाची असन. पडन ना बाप्पा.'

मलाही तसंच वाटलं होतं.
मेडिकल चौकात, डेंटल कॉलेजातली ती शिकाऊ पोरगी
बॅटरी धरून म्हणाली, 'ताई, ही दुधाची नाही.
सहाव्या वर्षी येते, सगळ्यात मागून.
हिच्यासाठी कुठला दात पडत नाही,
म्हणून घरात कोणाला कळत नाही.'

त्याच्या सहाव्या वर्षी मी कळमन्याला होते,
पहाटे साडेतीनपासून,
संत्री निवडत. डागी इकडे, बिनडागी तिकडे.
राईएवढा डाग
मला ढिगातून दिसायचा.

आणि त्याच्याही आधी
बाटलीत दूध, दुधात दोन चमचे साखर,
मी निघताना तो उठू नये म्हणून.
गोड बूच ओठांत धरून झोपायचा.
मी कडी बाहेरून इतकी हळू लावायची
की मलाच ऐकू यायची नाही.

पप्पा उशिरा आले की पाच रुपयांचं चॉकलेट.
एकाच खिशात ते आणि खर्रा.
पोट्टा चॉकलेटचा कागद तळव्यावर घोटतो,
चिमूट गालात धरतो, मोरीत थुंकतो.
आम्ही हसायचो.
ग्लासात तीन ब्रश आहेत, एक कायम कोरडा.

'तुमचे दात कधी दाखवले?' पोरीनं विचारलं.
मी पदर ओठांवर घेतला.
बाजूला बघते तर सुगत,
हसताना तोंडावर हात.
मी इतके दिवस समजत होते
पोरगं लाजाळू आहे.

पुढच्या मंगळवारी बोलावलंय. मंगळवारची मजुरी जाईल.
रात्री मोबाईलच्या उजेडात
त्याच्या दाढा घासून दिल्या, मागच्या, एकेक.
चूळ भरली न भरली, मोबाईल त्यानं हातातून घेतला.
'आता तुह्या दाखव.'
नको म्हणाले. मग केला आ.
बराच वेळ बघत राहिला,
डॉक्टरसारखा, एक डोळा मिटून.
'मम्मी,' म्हणाला,
'मागं तं अंधारच हाय.'