जमेनीस, स्टोअर्स विभाग

आडनाव आमचं हुद्द्यावरून पडलेलं.
कुणी एक पूर्वज गायकवाडी दफ्तरात
जमेच्या बाजूला बसायचा म्हणे,
शेजारी फडणीस, पलीकडे पोतनीस,
आणि आकड्यांचा मेळ लागल्याशिवाय
कुणाला दिवेलागणीला घरी सोडत नसत.
मी मकरपुऱ्याला बसते. जीआयडीसीत,
व्हॉल्व्हच्या कारखान्यात, जाळीच्या खिडकीमागे.
मेळ अजून लागायचाय.

कीर्तिशेठनी भिंतीवर एकच कागद लावला:
ऑर्डर ते रवानगी, पंचेचाळीस दिवसांवरून तीस.
खाली सही.
वर वडिलांचा हार घातलेला फोटो,
तो आधीपासूनच होता.

मग अलकापुरीतून ध्रुव आला लॅपटॉप घेऊन,
म्हणाला, बेन, सिस्टम आपण लगेच चालू करू,
तुमच्याकडे काय काय आहे तेवढं फक्त सांगा.

फक्त.
सहा हजार आठशे चौदा वस्तू.
एप्रिल गेला, मे गेला तापल्या पत्र्याखाली,
रणछोडभाई शिडीवरून ओरडायचा, मी खाली टाईप करायची,
नट, बोल्ट, ग्लँड, गास्केट,
रात्री वरणभातालाही लोखंडाची चव.
रणछोडभाईला वही लागत नाही.
छत्तीस वर्षं तो कप्प्यात न बघता हात घालतो
आणि हवं तेच बाहेर काढतो.
ध्रुव म्हणाला, हीच तर अडचण आहे.
मला राग आला.
मग ती सापडली.

ड्रॉइंगवर ती ब्लाइंड फ्लँज.
मशीनवरची पोरं तिला चकती म्हणतात.
रणछोडभाईच्या तोंडी ती थाळी,
कारण कारखान्याच्या पहिल्या वर्षी
कुणीतरी तिच्यावर भजी मांडून खाल्ली होती.
वस्तू एकच. सहा इंची, कडेला आठ भोकं, मध्ये बंद.
फ्लँज संपली म्हणून मागवली
तेव्हा चकत्या होत्या शिल्लक,
चकत्या संपल्या तेव्हा थाळ्या
मागच्या रॅकवर गंजत होत्या.
शाळेत समानार्थी शब्दांना मला पाचपैकी पाच मिळायचे.
इथे त्यांचे चार लाख साठ हजार झाले,
वर बँकेचं व्याज.

आता तिला एकच नाव आहे, अक्षरं दोन, आकडे पाच.
देखणं नाही. दोनदा मागवूही देत नाही.
शेठच्या टेबलावर दिसतं, काय किती आठवडे पुरेल,
कुणाची ऑर्डर कुठल्या मशीनपाशी अडलीय,
आणि हेही दिसतं, की दिवाळीला
काजूकतलीचा सगळ्यात मोठा डबा ज्या गिऱ्हाइकाला जातो
ते पैसे एकशे बारा दिवसांनी देतं.
शेठ बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.
यंदा डबा लहान गेला.

सप्टेंबरात रणछोडभाई निवृत्त झाला.
शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ.
जाताना खिडकीशी रेंगाळला,
माझ्या लॉगिनचं काय करणार?
बंद करावं लागतं, म्हटलं, तसा नियम आहे.
उभ्या जन्मात दोनदा वापरलं होतं त्याने,
तेही मी शेजारी उभी राहून.
मान हलवून गेला.

प्रत्येक वस्तूखाली शेऱ्याचा रकाना असतो,
चाळीस अक्षरांचा.
ध्रुव म्हणाला होता, तो कुणीच भरत नाही.
मी त्या आठवड्यात उशिरा घरी गेले. रोज.

रवानगी आता एकतीस दिवसांवर आलीय.
शेठ विचारतात, एक दिवस जातो कुठे?
शोधतेय.

काल एक नवा पोरगा आला, कोपरापर्यंत तेल,
म्हणाला, बेन, एक थाळी.
कोणाकडून ऐकला हा शब्द?
त्यालाही सांगता येईना.
मी थाळी टाईप केलं.
रॅक सात, दुसरा कप्पा, बासष्ट नग.
त्याने सही केली, थाळी छातीशी धरून नेली.

एकसष्ट.