केळफूल

सावद्याच्या काट्यावरून निरोप निघतो:
गाडी, भरलेलं वजन, रिकामं वजन, घडांची संख्या,
तारीख आपल्या पद्धतीची, आधी दिवस.
दिल्लीच्या आडतीला हवं आधी साल,
किलोचे क्विंटल,
आणि आडनाव वेगळ्या खणात.
या दोघांच्या मध्ये, जळगावात,
टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर
मी बसते.

हे सगळं मी सतरा ओळींत लिहिलं होतं.
एक्सक्वेरी. फॉर, लेट, व्हेअर, ऑर्डर बाय, रिटर्न,
आद्याक्षरं जोडून त्याला फ्लॉवर म्हणतात.
नेहेते सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ही भाषा येणारी माणसं जिल्ह्यात किती?"
एक, मी म्हणाले.
"आणि ती पुण्याला गेली तर?
जावा येणारी पोरं बसस्टँडवर सापडतात."

सरांना सांगायचं राहिलं
की घरी आम्ही अहिराणी बोलतो.
पारोळ्याहून निघालेली बस एरंडोल सोडते
आणि माझ्या तोंडातलं 'शे'
आपोआप 'आहे' होतं.
ते रूपांतर कोणी लिहिलेलं नाही,
कुठल्या सर्व्हरवर चालतं ठाऊक नाही,
आजवर एकदाही पडलं नाही.

जावात आधी अख्खा घड उतरवायचा,
खाली गोणपाट अंथरून फणीफणीला नाव द्यायचं,
गेटर, सेटर,
नसलेल्या केळ्याचीही चौकशी,
मग सगळं दुसऱ्या दांड्यावर परत बांधायचं.
क्वेरी झाडाखाली उभी राहून म्हणते,
वरून तिसरी फणी,
आणि हात पुढे करते.

मग तो मंगळवार.
रात्री पावणेदोनला काट्यावरून वारकेकाकांचा फोन:
"ताई, बारा गाड्यांचं वजन कोरं गेलंय."
संध्याकाळी लाइट गेली होती,
रिकाम्या गाड्या तोलायच्या राहूनच गेल्या.
माझी क्वेरी काही बोलली नाही.
असलेल्यातून नसलेलं वजा केलं,
उत्तर आलं: काहीच नाही.
ते तिनं नीट गुंडाळून, बरोबर त्याच खणात,
दिल्लीला रवाना केलं.
जावा ओरडली असती.
नल, नल, नल, शंभर ओळींचा आकांत,
टायरवाल्यालासुद्धा जाग आली असती.
त्या रात्री मला पहिल्यांदा
तिच्या घशाचा हेवा वाटला.

मुबारक तडवी, यावलचा,
लागून तीन आठवडे झालेला.
त्याला त्या सतरा ओळी दाखवल्या.
बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, "मॅडम, केळी निसवली,
फण्या मोकळ्या झाल्या,
की आम्ही केळफूल कापतो.
नाहीतर घड भरत नाही."
मी विचारलं, फुलाचं काय करता?
"आई भाजी करते. चांगली लागते.
चीक मात्र फार, कपड्यावर पडला
तर डाग जात नाही."

सहा दिवस आम्ही दोघं बसलो.
तारखा गेल्या, नावं गेली, क्विंटल गेले,
दोनशे चाळीस ओळींची जावा झाली.
कोणीही वाचावी अशी, कंटाळा येईल इतकी स्पष्ट.
नेहेते सरांनी त्या दिवशी कचोरी मागवली.

वजनाचं तेवढं मी क्वेरीतच ठेवलं.
सरांना सांगितलं, पण कचोरी खाताना.
वर एक अट घातली:
रिकामं असेल तर ओरड.
बाजूला टीप लिहिली. मराठीत सुरू केलेली,
सकाळी वाचली तर शेवट अहिराणीत गेलेला:
वजन नही ते फुडे जावानं नही.

मुबारकनं ती पुसली नाही.
खाली त्यानं तारीख टाकली,
आधी दिवस.