निळी ती सगळी नीला नव्हे

एल आल्तोत आमच्या चार नंबरच्या खोलीतला हीटर
आठ वाजेपर्यंत नुसता लाल होतो, तापत नाही.
म्हणून जेलची बाटली मी काखेत धरून बसते.
चार हजार मीटरवर बटाटासुद्धा
शिजायला आढेवेढे घेतो, मग जेलचं काय.

निकासिया कालिसाया घागरे उतरवते.
एक, दोन, चौथ्यानंतर मी मोजणं सोडते.
गोल टोपी मात्र डोक्यावरच.
तशीच आडवी होते, टोपी कलंडते,
ती हसून पोटावर ठेवते,
आणि मी म्हणते, बाई, नेमकं तिथेच माझं काम आहे.

तेविसावा आठवडा.
आधीच्या दोघांची कागदावर फक्त वर्षं.

मी शिकाऊ. पाठीशी तार्कीबाई,
हात कोटाच्या खिशात, खिशात कोकाची पानं.
"गर्भाशयाची रोहिणी थेट शोधू नकोस, सापडायची नाही.
आधी जांघेपाशी जा. तिथून हमरस्ता जातो."

हमरस्ता सापडतो. बाहेरची श्रोणि-रोहिणी,
पायाकडे निघालेलं रक्त,
प्रत्येक ठोक्याला पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे,
किल्ली विसरल्यासारखं दारातून वळणारं.
शेजारी तिची नीला. हलकेच दाबून बघायचं:
दबते ती नीला. दबत नाही ती रोहिणी.

मग मी रंग सुरू केला आणि घाईने म्हणाले,
लाल ती रोहिणी, निळी ती—
मनगटावर टिचकी.
"लाल म्हणजे तुझ्याकडे येणारं. निळं म्हणजे दूर जाणारं.
येतंय की जातंय, एवढंच यंत्र सांगतं.
कोण, ते नाही सांगत."

हमरस्त्याला ओलांडून जाते ती आपली,
असं पुस्तकात. पडद्यावर काळं.
पुन्हा काळं. डावीकडे रक्तच नव्हतं.
"नाही," मी म्हणाले, मोठ्याने,
आणि पोटाखालचा श्वास थांबल्याचं
हाताला कळलं.

तार्कीबाई पुढे आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.
"अगदी काटकोनात धरलंस.
आडवं जाणारं याला ऐकू येत नाही.
आहे ती. मनगट कलव."

उतू जाईल का म्हणून झाकण उचलतो ना,
तेवढंच कलवलं.
आणि काळ्यातून ती उठली,
नागमोडी, लाल, मध्येच निळी, पुन्हा लाल,
नाव न बदलता दोन्ही रंगांची.
तिच्यावर दोन बारीक रेघा ठेवल्या, आवाज सोडला:
ठोका, आणि ठोक्यानंतरही न तुटणारा
लांब, सैल वारा. पठारावर रात्री असतो तसा.

डावा आलेख स्वच्छ. उजवीकडे, उतरणीवर,
एक लहानशी खाच,
पावाच्या कडेला कुणी दात लावून ठेवावा तशी.
तार्कीबाईंनी ती तीनदा मोजली.
"एकाच बाजूला आहे. चार आठवड्यांनी ये. डोकं दुखलं,
डोळ्यांपुढे ठिणग्या आल्या, तर उद्याच ये."
खाच म्हणजे काय, ते निकासियाने विचारलं नाही.

विचारलं ते वेगळंच, आयमारात, माझ्या आईच्या भाषेत:
"लाल म्हणजे येणारं? आणि ते तुला समोर दिसतं?"
आमच्यात येणारं पाठीमागून येतं.
डोळ्यांपुढे असतं ते फक्त गेलेलं.
हे मला शाळेत कधी आठवलं नाही.
ती छताकडे बघत होती. तिथे दोघं असावीत.

मग म्हणाली, डावीकडचं परत एकदा ऐकव.
ऐकवलं. पेशंट बाहेर ताटकळले, तार्कीबाईंनी घड्याळ बघितलं
आणि खिशातलं एक पान तोंडात टाकलं.

घागरे पुन्हा चढले, उलट्या क्रमाने. शेवटी टोपी.
खिडकीतून रोपवेचे लाल डबे दिसतात,
दरीतून वर येणारे, दरीत उतरणारे.
आडवा सरकणारा डबा डोळ्याला चटकन कळतो.
सरळ माझ्याकडे येणारा
बराच वेळ थांबलेला वाटतो.
यंत्राचं नेमकं उलटं आहे.
मी बाटली पुन्हा काखेत घेतली.