पाय हलवून दाखवा

एकशेवीस बंद पाकिटं. आज एकावन्नावं.
कुठल्यात जुनं औषध, कुठल्यात नवं,
मला कळायचं नाही. कणसे भरून देतो,
सिरिंजवर नुसता आकडा.
जुनं जड, त्यात साखर असते,
गाळासारखं तळाला जाऊन बसतं.
नवं म्हणे काळजाला सोसतं,
पाय लवकर मोकळे करतं.
म्हणे.
तेवढंच तर मोजायचंय ससूनमध्ये, दोन वर्षं.

रेणुका धोत्रे, चोवीस, वाघोलीची खाण.
पाठ बाहेर काढा, हनुवटी छातीला.
कशी ओ?
घमेलं उचलायला वाकता तशी.
आणि ती वाकली अशी
की डोळे मिटून मणके मोजावेत.
तिसरा. चौथा. मधली फट.
जाड कापडातून टाका निघावा तसा बारीक टच्च,
मग थेंब, नितळ.

पाय गरम झाले, मॅडम.
मुंग्या.
पाय गेले माझे, बघा ना कुठं गेले.

स्पिरिटचा बोळा पोटावरून वर वर.
गार? गार. इथं?
नुसता हात लागतोय तुमचा.
बीपी नव्वद, तिला मळमळलं,
मी इंजेक्शन दिलं, वेळ लिहिली.
अकरा बावीसला मुलगी रडली.
तिच्यासाठीही रकाना आहे : आठ, मग नऊ.

वॉर्डात दर पंधरा मिनिटांनी मी :
पाय हलवून दाखवा.
नाही ओ.
खिडकीतून स्टेशनवरची घोषणा, दौंडची गाडी उशिरा.
पावणेदोन तास. नाही.
दोन. सव्वादोन. नाही.
अडीच तासांनी चादरीखाली उजवा अंगठा हलला.
मी पाहिलं. मी पाहिलेलं तिनं पाहिलं.

अजून नाही आले, ती हळूच म्हणाली.
आले की ऊठ म्हणतील.

स्टुलावर सासू,
थर्मासचं झाकण उगाच फिरवणारी.
भूलवाल्या बाई, तिनं विचारलं,
हिला बसती कधी करायची?

शिरोळकर मॅडम सांगतात, आकडा खरा हवा,
पंधरा मिनिटांनी निष्कर्ष फिरतो.
पेन काढलं. अंगठा पुन्हा हलला,
या वेळी जरा जास्तच, माझ्याकडे बघत.

रकाना अकरा : दोन तास तीस मिनिटं.

आणि मोठ्यानं, सासूला ऐकू जाईल असं :
संध्याकाळपर्यंत उठवायचं नाही हं,
हिला जड औषध दिलंय.

कुठलं दिलंय
ते पाकिटालाच माहीत.